शिंगाड्याच्या करारावरची चौथी सही

निवृत्त झाल्यावर शेजारच्या सूनबाईंनी मला एकदा विचारलं, "काकू, तुम्ही नोकरीत नेमकं काय करत होतात?"

मी म्हटलं, "एकमेकांचा चहा न पिणाऱ्या माणसांना एका टेबलाशी बसवत होते."

मी विवाह मंडळात होते असं तिला वाटलं. तसं फार चुकीचंही नव्हतं.

मी गोंदियाच्या सरकारी उद्योग कार्यालयात होते. हुद्दे बदलत गेले, खोली तीच राहिली. शेवटच्या वर्षांत माझ्याकडे एक योजना आली. योजनेचं नाव इतकं लांब होतं की पाटीवर दोन ओळींत लिहावं लागलं, पण कल्पना साधी होती. गोंदियात लोखंडाचं काम करणारे हात भरपूर, कारण राइस मिलमध्ये रोज काही ना काही मोडतं. नागपूरला शिकलेली, प्रयोगशाळा असलेली माणसं आहेत. आणि अडचणी तर प्रत्येक गावात आहेत, त्या बाहेरून आणाव्या लागत नाहीत. या तिघांची गाठ घालून द्यायची, सरकारने थोडा भार उचलायचा आणि त्यातून जिल्ह्याच्या कामाची एखादी नवी वस्तू घडवायची. कागदावर हे सगळं फार सुरेख दिसतं. प्रत्यक्षात प्राध्यापक फोन उचलत नाहीत, कारखानदार तारीख पाळत नाहीत आणि सरकारी माणूस, म्हणजे मी, दोघांनाही 'प्रस्ताव पुन्हा सादर करा' असं कळवते.

योजनेची जाहिरात निघाली तेव्हा पहिल्यांदा आले ते भलतेच लोक. देवरीकडचे एक गृहस्थ इंधनाशिवाय चालणारं इंजिन घेऊन आले. टेबलावर ठेवून त्यांनी मला त्यामागचं शास्त्र समजावलं. मी म्हटलं, "चालवून दाखवा." ते म्हणाले, "हो तर. मॅडम, जरा प्लगची जागा कुठे आहे?" दुसरे एक प्राध्यापक मोहफुलांपासून इंधन काढायचा प्रयोग करत होते. प्रयोग खरा होता, माणूसही प्रामाणिक होता. पण चाचणीचा माल कपाटातून रोज थोडा थोडा कमी व्हायला लागला आणि आमच्या चौकीदाराचा स्वभाव एकाएकी फार आनंदी झाला. तो प्रयोग आम्ही आवरता घेतला.

शिंगाड्याचं प्रकरण मात्र माझ्याकडे कुणी घेऊन आलं नाही. मीच त्यात जाऊन पडले.

मासेमारी संस्थेची एक सभा होती, केशोरीच्या पुढच्या एका गावात. त्या बाजूचे तलाव जुने आहेत. माझं माहेर सौंदडजवळचं, आमच्याच नात्यागोत्यातल्या लोकांच्या पूर्वजांनी हे तलाव बांधले असं लहानपणापासून ऐकत आलेली. तलावाचं पाणी धानाला जातं, आणि तलावातले मासे व शिंगाडे गावातल्या ढिवर, म्हणजे मच्छीमार मंडळींच्या संस्थेकडे असतात. सभा लांबली म्हणून मी पाय मोकळे करायला निघाले, तर एका अंगणात बाया शिंगाडे सोलत बसलेल्या.

आपण उपासाला शिंगाड्याचं पीठ आणतो, तेव्हा ते पांढरंशुभ्र असतं. त्यामागचं काम कसं असतं हे सांगायला हवं. पावसाळ्यात शिंगाड्याचे वेल तलावात लावतात. दिवाळीच्या सुमारास फळं येतात. डोंग्यात, म्हणजे पोकळ केलेल्या लाकडाच्या होडीत बसून ती तोडतात. जून फळं मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात उकडायची, वाळवायची आणि मग एकेक हातात धरून सुरीने साल काढायची. आतला पांढरा गर म्हणजे गोटी. व्यापारी गोटी नेतो, तिचं पीठ होतं. साल जाड, काळी, आणि दोन्ही बाजूंना काटे. मी ज्यांच्यासमोर उभी राहिले त्या बाईंच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती आणि हात कोपरापर्यंत डागाळलेले.

त्या सुगंधाबाई. बायांच्या बचत गटाच्या अध्यक्ष. चाळिशीच्या, बोलायला फटकळ. मी उद्योग कार्यालयातून आले हे कळल्यावर हातातली सुरी न थांबवता म्हणाल्या, "तुमच्या आफिसात धानाले मशीन, डाळीले मशीन, मिरचीले मशीन. मग शिंगाड्याले काऊन नाही जी?"

"बघते," असं म्हणून मी निघाले. सरकारी माणसाच्या 'बघते'चा अर्थ त्यांना ठाऊक होता. त्यांनी मान वरसुद्धा केली नाही.

पण परतीच्या पॅसेंजरमध्ये मी खरंच विचार करत राहिले. गोंदियात मनोहरभाई होते. राइस मिलचे सुटे भाग बनवणारा त्यांचा कारखाना, बाप छत्तीसगडातून येऊन लोहारकाम करता करता इथला झालेला. आणि नागपूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात देवधर सर होते. तरुण, शेतमालाच्या यंत्रांवर संशोधन करणारे, पुण्याकडचे. दोघांना मी आमच्या कार्यालयात बोलावलं.

पहिली बैठक वाईट झाली. देवधर सरांनी पडद्यावर चित्रं दाखवली. मनोहरभाई मोबाइल बघत बसले. सर म्हणाले, "याला किमान दोन वर्षं अभ्यास लागेल." मनोहरभाई म्हणाले, "मैडम, आठ दिन में बना के देता हूँ. धान का छिलका निकलता है, तो इसका क्यों नहीं निकलेगा?" सरांनी चष्मा पुसला. मनोहरभाईंनी चहा तसाच ठेवला. मी मनाशी म्हटलं, आता आणखी एक प्रस्ताव कपाटात जाणार.

मग मी दोघांना जीपमध्ये घालून गावात नेलं. सुगंधाबाईंनी दोघांपुढे शिंगाड्यांचं टोपलं ठेवलं आणि एकेक सुरी दिली. थोड्याच वेळात सरांच्या बोटातून रक्त आलं. मनोहरभाई हसले आणि पुढच्याच शिंगाड्याने त्यांच्या तळव्यात काटा घातला. परत येताना दोघं मागच्या सीटवर बसले आणि पहिल्यांदा एकमेकांशी बोलले. साल किती कडक असते, गर कुठे चिकटतो, काटा आधी तोडावा की नंतर. मी पुढे बसून गप्प राहिले. माझ्या कामात गप्प राहायची वेळ ओळखणं महत्त्वाचं असतं.

मनोहरभाईंनी खरोखर आठ-दहा दिवसांत यंत्र उभं केलं. धानाच्या यंत्रासारखेच रबराचे दोन रोलर. गावात नेऊन चालवलं, तर एका बाजूने शिंगाडे गेले आणि दुसऱ्या बाजूने साल, काटे आणि गर यांचा काळपट भुगा आला. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. सुगंधाबाई म्हणाल्या, "बाप्पा! साल काढाची होती जी, दळून कायले दिलं?"

मनोहरभाईंना ते लागलं. ते परत आले आणि देवधर सरांना स्वतःहून फोन केला. तिथून खरं काम सुरू झालं. सरांच्या विद्यार्थ्यांनी पोतंभर शिंगाडे मोजले. एकही दुसऱ्यासारखा नाही. म्हणून आधी आकाराप्रमाणे चाळणारं भोकांचं पिंप आलं. मग वाळवण्याचा प्रश्न आला. फार ओला असेल तर साल सुटत नाही, फार वाळला तर गर फुटतो. सरांनी प्रयोगशाळेत मोजून मधली पायरी ठरवली, बायांनी अंगणात कसं वाळवलं म्हणजे तिथवर येतं ते शोधलं, आणि मनोहरभाईंनी रोलर काढून पात्यांची अशी रचना केली की आकार बदलला की मधली फट बदलता यावी. यातलं कुणा एकाचं श्रेय किती हे मला आजही सांगता येणार नाही. एक हंगाम संपला, दुसरा आला. त्या दुसऱ्या हंगामात एके दुपारी यंत्रातून अख्खी, पांढरी गोटी घरंगळत बाहेर आली. मनोहरभाईंनी ती उचलली, फुंकली आणि खाऊन टाकली. "पास!" ते म्हणाले. देवधर सर माझ्याकडे बघून नुसते हसत राहिले.

मला वाटलं, जिंकलो. खरी अडचण तिथूनच सुरू झाली.

बातमी पसरली. शिंगाड्याचा एक मोठा व्यापारी मनोहरभाईंच्या कारखान्यात गेला आणि त्याने सहा यंत्रांची मागणी नोंदवली. ती त्याच्या गोदामात बसणार होती. मनोहरभाई खुशीत मला फोन करून म्हणाले, "मैडम, मिठाई तैयार रखो." मीही अभिनंदन केलं. योजनेचं यश म्हणून वरच्या कार्यालयाला कळवलंही. गावातल्या यंत्राच्या उद्घाटनाचा दिवस ठरला. मोठे साहेब येणार होते. गावात मंडप, फुलांची माळ, यंत्रावर हळदीकुंकू.

साहेबांची गाडी यायच्या थोडं आधी एक म्हातारी आली आणि यंत्रापुढे मांडी घालून बसली. पार्बताबाई. सुगंधाबाईंची चुलतसासू, एकटी राहणारी. गावात सगळ्यांत जास्त गोटी सोलणारी ती. तिच्यामागे हळूहळू इतर बाया येऊन बसल्या. हारफुलांचं ताट हातात धरून सुगंधाबाई मंडपात उभ्या होत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं आणि त्याही जाऊन बसल्या.

मी वाकून विचारलं, "पार्बताबाई, काय झालं? तुमच्याच हातांचा त्रास जावा म्हणून केलं ना हे?"

"हात दुखतेत जी," ती म्हणाली. "मंग दुखतेत म्हणून तोडून टाकाचे का?"

"तोडायचे कशाला?"

"व्यापाऱ्याच्या गोदामात मशीन लागली का तो आमाले शिंगाडे सोलाले देईल का? ओले शिंगाडेच घेऊन जाईल. आमी का करून राहू मंग? तलावाकडे पाहून राहू?"

मी उभी राहिले. तिचं म्हणणं इतकं सरळ होतं की आम्हा तिघांपैकी एकाच्याही ते ध्यानात कसं आलं नाही याचंच मला नवल वाटलं. आमच्या टेबलाला तीन बाजू होत्या. जिच्यासाठी टेबल मांडलं ती चौथी बाजू अंगणातच बसून होती.

तेवढ्यात साहेब आले. बरोबरच्या एकाने हळूच विचारलं, "पोलिसांना बोलावू का?" मी नाही म्हटलं. साहेबांना बाजूला नेऊन सांगितलं, "सर, यंत्र तयार आहे, करार तयार नाही. आज फीत कापू नये." त्यांच्या कपाळाला आठी पडली. पण ते बायांपुढे जाऊन बसले, पार्बताबाईचं म्हणणं ऐकलं आणि फीत न कापता परत गेले. जाताना मला म्हणाले, "कापगते मॅडम, हे नीट करूनच मला बोलवा." कार्यालयात नंतर काही सहकाऱ्यांनी मला बरंच ऐकवलं. इतका चांगला फोटो हुकला म्हणाले.

आठवडाभराने गावच्या समाजमंदिरात सगळे बसलो. मनोहरभाई चिडलेले होते आणि त्यांचं चुकत नव्हतं. "लोहा मेरा, कारीगर मेरे, दो सीजन मैंने लगाए. अब मैं किसको बेचूँ, ये भी गाँव बताएगा?" देवधर सर म्हणाले, आराखड्यावर महाविद्यालयाचाही हक्क आहे, आणि मुलांच्या मेहनतीचं नाव राहिलं पाहिजे. तेही बरोबर होतं. मी सरकारी नियम वाचून दाखवला आणि त्यातून काहीच निष्पन्न होत नाही हे वाचता वाचता मलाच कळलं.

मग पार्बताबाईने मनोहरभाईंना विचारलं, "भाऊ, मशीन पूर्न झाली का तुमची?"

मनोहरभाईंना खोटं बोलता येत नाही. "नहीं माई. मोटे दाने में अभी भी टूटता है. एक सीजन और लगेगा."

"मंग तुमच्या मशीनले शिंगाडे कोन देते?"

उत्तराची वाट न बघता तीच पुढे म्हणाली,

"आमीच देतो न? उकडून, वाळवून, चाळून. व्यापारी देईल का तुमाले असं करून? त्याचं एक पोतं खराब झालं तर तो तुमच्या दारात येऊन बसंल. आमी दोन हंगाम शिंगाडे खराब करू देल्ले. हासलो, पन देल्ले."

देवधर सरांनी चष्मा काढला. मनोहरभाईंनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि एकदम मोठ्याने हसले. "माई, तुम मेरे धंधे में पार्टनर बन जाओ."

"तेच म्हणून राहिली मी," पार्बताबाई म्हणाली.

त्या दिवशी वाद मिटला असं नाही. आणखी तीन-चार बैठका झाल्या, आवाज चढले, एकदा मनोहरभाई उठून बाहेर गेले आणि सुगंधाबाईंनी त्यांना पानसुपारी देऊन परत आणलं. शेवटी ठरलं ते असं. आमच्या जिल्ह्यात काही हंगाम यंत्र फक्त बायांच्या गटांना आणि मच्छीमार संस्थांना द्यायचं. व्यापाऱ्याची सहा यंत्रांची मागणी रद्द करायची, त्याने तयार गोटी विकत घ्यायची. जिल्ह्याबाहेर, बालाघाटकडे किंवा छत्तीसगडात, मनोहरभाईंनी हवं तिथे विकावं आणि त्यासाठी आमच्या कार्यालयाने त्यांना मदत करावी. सरांचं आणि विद्यार्थ्यांचं नाव यंत्राच्या पट्टीवर कोरायचं. यंत्रात सुधारणा करायची ती गावातच, बायांच्या मालावर. करारावर तीन सह्यांची जागा छापलेली होती. मी पेनाने चौथी रेघ आखली. सुगंधाबाईंनी गटाच्या वतीने सही केली. वरच्या कार्यालयाने विचारणा केली, ही चौथी सही कोणत्या नियमानुसार? मी उत्तर पाठवलं. त्यावर पुन्हा विचारणा आली. असं चालत राहिलं आणि तेवढ्यात यंत्र चालूही झालं.

आता त्या गावात गटाची शेड आहे. व्यापारी सुरुवातीला रुसला, मग गोटी चांगली मिळते म्हणून येऊ लागला. सोलायचं काम कमी झालं, पण चाळणं, वाळवणं, निवडणं आणि पीठ करून पाकिटं भरणं वाढलं. पूर्वी पीठ नागपूरकडे होत असे, आता गावात होतं. सगळ्यांना पूर्वीइतकं काम मिळतं असं मी म्हणणार नाही. दोन-तीन बाया त्यातून बाहेर पडल्या, त्या इटियाडोह धरणाच्या कालव्यावरच्या शेतांत रोवणी-कापणीला जातात. सुगंधाबाई यंत्र चालवतात. पार्बताबाई निवडायला बसते आणि मनोहरभाई आले की त्यांना विचारते, "का जी पार्टनर, तिकडे बालाघाटात मशीन मोडली नाही न?"

एक गोष्ट मात्र मला सलते. आम्ही करारात मनोहरभाईंना बांधलं, पण नक्कल करणाऱ्याला कोण बांधणार? काही हंगामांनी बाहेरच्या कुणीतरी तसंच, थोडं ओबडधोबड यंत्र बनवलं आणि ते शेजारच्या तालुक्यात एका गोदामात लागलं. तिथल्या तीन गावांतल्या बायांचं सोलायचं काम एका हंगामात बंद झालं. मी तेव्हा पत्रं लिहिली, भेटले, पण नियमात बसणारं काही सापडलं नाही. माझ्याच योजनेतून जन्मलेली वस्तू माझ्या हाताबाहेर जाऊन असं करते, हे बघणं सोपं नव्हतं. नवी वस्तू घडवणाऱ्यांनी हे आधीच धरून चालायला हवं, असं मी आता तरुण अधिकाऱ्यांना सांगते. ते मान हलवतात.

मग मी निवृत्त झाले. योजना बंद होऊन तिच्या जागी दुसरी आली, तिचं नाव आणखी लांब आहे.

गेल्या वर्षी पाऊस ओसरत आला होता तेव्हा सकाळी दाराशी चार बाया आल्या. त्या तीन गावांतल्या. सुगंधाबाईंनी माझा पत्ता दिला होता. त्यांनाही गटाची मशीन हवी होती. मी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "बायांनो, मी आता कार्यालयात नाही. माझ्याकडे ना शिक्का, ना योजना."

त्यांच्यातली एक म्हणाली, "आमी शिक्का मांगून नाही राहिलो जी. तुमी चाला म्हणून राहिलो."

मी देवधर सरांना फोन लावला. ते आता विभागप्रमुख आहेत. म्हणाले, "मॅडम, रविवारी येतो. यंत्र आता बरंच सुधारलंय, लहान आकाराचंही जमतंय." मग मनोहरभाईंना लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मैडम, इस बार सरकार कौन है?"

मी म्हटलं, "कुणीच नाही."

"फाइल?"

"तीही नाही."

मग मनोहरभाई म्हणाले, "अरे, तब तो जल्दी हो जाएगा!"

जन्मभर सरकारी फायलींच्याच कामाचा पगार घेतलेल्या बाईला हे ऐकून जरा झोंबलंच. पण मग मला हसू आलं, आणि माझ्याकडे बघून, काही न कळता, त्या चौघीही हसायला लागल्या. हिशेब हंगामानंतर बघू, आधी मशीन लावू, असं मनोहरभाईंनी फोनवरच सांगून टाकलं.

शिंगाड्याची तोड सुरू व्हायच्या आधी यंत्र गावात उतरलं होतं.